आहेरावरचं गाणं

३ मार्च

ही डायरी अश्वजितने दिली. बँकेची फुकटची आहे, जानेवारीपासून कपाटावर पडून होती. म्हणाला, "जे कॉम्प्युटरला ओरडून सांगतेस ते यात लिहीत जा. शेजारचे मला विचारतात, वहिनी कोणाशी भांडतात एवढ्या." अश्वजित माझा नवरा. नाते गावात शाळेवर शिक्षक आहे, त्यामुळे कोणालाही वही देऊन गप्प बसवता येतं असा त्याचा समज आहे.

तर लिहिते. सकाळी स्टुडिओ उघडला, अगरबत्तीऐवजी पंखा लावला आणि फ्रेमसाथी सुरू केलं. गेली कित्येक वर्षं लग्नाचे, साखरपुड्याचे, निरोप समारंभाचे सगळे व्हिडिओ मी या एकाच सॉफ्टवेअरवर कापते आणि जोडते. रात्रीत ते आपलं आपण नवीन होऊन बसलं होतं. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. माहेराहून परत यावं आणि आपल्या स्वयंपाकघरातले सगळे डबे कोणीतरी हलवून ठेवलेले असावेत तसं झालं. कापायचं बटण सापडायला माझा चहा गार झाला.

तेही चाललं असतं. पण जुन्या पेट्या उघडेनात. कॅमेऱ्यातलं शूटिंग फ्रेमसाथीत टाकलं की ते त्याचं एक बंद गाठोडं करून ठेवतं, त्याला हे लोक पेटी म्हणतात. ती दुसऱ्या कशातच उघडत नाही. पूर्वी तेच मला सांगायचं, "मूळ फाइल ठेवण्याची गरज नाही, सर्व काही पेटीत सुरक्षित आहे." मी शहाण्या मुलीसारखी कॅमेऱ्याची कार्डं पुसत गेले. आणि आज म्हणतंय, ही पेटी जुन्या आवृत्तीची आहे, उघडण्यासाठी 'फ्रेमसाथी परिवार' योजनेत सामील व्हा.

परिवार म्हणे. मी अश्वजितला फोन करून म्हटलं, "उन्हातान्हात उभी राहिले मी, शूटिंग माझं, आणि किल्ली त्यांच्याकडे. हा कुठला न्याय?"

तो म्हणाला, "हं."

त्याचं हे 'हं' मला लग्नापासून आवडत नाही.

५ मार्च

दिवसभर फ्रेमसाथी. कापायचं बटण सापडलं. जोडायचं हरवलं.

९ मार्च, रविवार

दुपारी एक मुलगी आली. मी ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. "दीक्षाताई ना? मी ज्योती. कुडपणची. सयाजीदादाच्या लग्नात तुमी आलावतात शूटिंगला."

मग आठवलं. कुडपणला जाणारा रस्ता मी विसरणं शक्य नाही, पोलादपूर सोडल्यावर माझं पोट त्या वळणांवरच राहिलं होतं. ही तेव्हा वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचत होती. आता एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, मैत्रिणींबरोबर महाडमध्येच खोली करून राहते. मे महिन्यात लग्न आहे, वर कुडपणलाच, घरासमोर मांडव घालून. मी लगेच अल्बमचे नमुने पुढे सरकवले.

"शूटिंगचं दादा ठरवील," ती म्हणाली. "मी येगळ्या कामाला आलेय. बाबांचा आवाज पायजे."

तिचे बाबा म्हणजे भैरूकाका. वरच्या वाड्यांमध्ये लग्न लागलं की आहेर माइकवर पुकारतात, कोणाचा, कोणाला, काय. भैरूकाका तरुण होते तेव्हापासून त्या डोंगरावरच्या सगळ्या लग्नांत पुकारा त्यांचाच. गेल्या वर्षी मुंबईला त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

"तसे बरे हायत," ज्योती म्हणाली. "खातात, पितात, शेतावर जातात. गुरांना हाकलायला शिट्टी घेतलीय. बोलायचं असलं का पाटीवर लिवतात. पण परवा पाटीवर काय लिवलं माहितीय? 'आहेराच्या टायमाला मी गोठ्यात जाऊन बसन.' दुसरा कोण माइक घेऊन पुकारतोय आणि आपण मांडवात गुमान बसायचं, ते त्यांना जमायचं नाय. आणि माझ्या लग्नात बाबा गोठ्यात बसले तर मी काय करू, सांगा."

तिची युक्ती चांगली आहे. पुकाऱ्याची सुरुवात दर लग्नात तीच असते. गावदेवीचं नाव, वाड्यांची नावं, मुंबईकर मंडळींचा मान, मग 'आहेराला सुरवात होतेय हो'. नावनिशी आहेर त्यानंतर. म्हणजे सुरुवात बाबांच्या जुन्या आवाजात लावायची आणि पुढचे आहेर दादाने वाचायचे. मग ते उठून जाणार नाहीत.

मी विचारलं, फोनवर कोणी घेतलं नाही? "फोनवर नाचाचे ढीगभर व्हिडिओ हायत. आहेराचा एक नाय. त्या टायमाला सगळी पंगतीला." मग माझ्या व्हिडिओत? "तुमच्या व्हिडिओत आहेरावर गाणं हाय, ताई."

आहेच गाणं. सगळेच लावतात. तांब्या, पेला, साडी, टॉवेल-टोपी हे अर्धा तास कोण ऐकत बसणार? मी त्यावर छान सनई टाकते. पण मूळ आवाज काही फेकलेला नाही. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आहे माझ्याकडे. काळजीच करू नकोस."

तिचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. ती रिक्षात बसून गेल्यावर आठवलं, सयाजीचं लग्न पेटीत आहे.

११ मार्च

फ्रेमसाथीच्या मदत केंद्राला फोन. मराठीसाठी चार दाबा. दाबलं. बाजाच्या पेटीचं संगीत. मग एक गोड आवाजाची मुलगी.

"तुमची सर्व सामग्री आमच्याकडे पूर्ण सुरक्षित आहे, मॅडम."

"अहो, पण मला ती हवी आहे."

"हो मॅडम. ती सुरक्षित आहे."

"बाहेर काढून द्या ना. साध्या फाइलमध्ये. कुठेही चालेल अशी."

"ते आमच्या धोरणात बसत नाही, मॅडम. आपण परिवारात सामील झालात की आपल्याला काय हवं ते सांगा, आम्ही काढून देऊ."

"माझीच वस्तू आहे ती, बाई."

"नक्कीच मॅडम, तुमचीच आहे. आणखी काही मदत करू शकते का?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या मुलीचा दोष नाही, तिला जे घोकायला दिलं ते ती म्हणाली. पण हे असं गोड बोलून माणसाला दारात उभं करून ठेवायचं, याची मला मनापासून चीड आहे.

१७ मार्च

शिमग्याला आलेले मुंबईकर परतले, गावात जरा शांतता. श्रीपतकाका आले होते. पंचायत समितीतून निवृत्त झाले तेव्हाचा निरोप समारंभ मीच शूट केला होता, हल्लीच, सगळं अजून नव्या पेटीत व्यवस्थित आहे. काकांना त्यांचं भाषण पूर्ण हवंय. मी दोन-तीन मिनिटांचं ठेवून बाकीचं कापलं होतं, लोक जांभया देत होते म्हणून.

"मला ते सगळंच दे ना, कापाकापी न केलेलं," काका म्हणाले.

मी त्यांना समजावलं की मूळ शूटिंग आपण कोणाला देत नाही, स्टुडिओचा नियम आहे, माझ्या बाबांच्या वेळेपासूनचा. "पण तुम्ही कशाला काळजी करता, काका? सगळं माझ्याकडे सुरक्षित आहे. कधीही या, काय हवं ते सांगा, मी काढून देईन."

"अगं, पण भाषण माझंच ना ते?"

"तुमचंच. नक्कीच."

अश्वजित तेव्हा स्टुडिओत ट्यूबलाइट बदलत होता. त्याला एकदम असा ठसका लागला की स्टुलावरून पडता पडता राहिला. मी म्हटलं पाणी पी. तर म्हणे पाणी नको, फक्त तो फोन कोणाचा होता ते सांग, परवाचा, चार दाबा वाला. त्याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही.

नियम उगाच नाही. मूळ शूटिंग एकदा गिऱ्हाईकाच्या हातात गेलं की पुढच्या वेळी ते आपल्या भाच्याकडून फोनवर कापून घेतात आणि आपल्याकडे फिरकत नाहीत. पोलादपूरचा चंदन बघा. लग्न संपलं की सगळं शूटिंग जसंच्या तसं पेनड्राइव्हमध्ये भरून नवरदेवाच्या हातात. असा धंदा करतात?

२० मार्च

पहाटेपासून चवदार तळ्यावर. लहानपणी बाबांचा ट्रायपॉड धरायला यायचे, आता माझा मीच धरते. गर्दी दरवर्षी वाढतेय आणि तरी दरवर्षी कोणी ना कोणी वाट काढून देतं. परभणीकडच्या पाच-सहा बायका पहिल्यांदाच आल्या होत्या. पायऱ्यांवर उभ्या राहून ओंजळीत पाणी घेतानाचं आमचं शूटिंग घ्या म्हणाल्या, घेतलं. "आमाला कसं मिळंल?" एकीने विचारलं. मी तिथेच फोनवर घेऊन त्यांना पाठवून दिलं. त्या इतक्या दुरून आलेल्या, परत कधी येतील न येतील.

घरी येताना अश्वजित म्हणाला, "आज नियम कुठे गेला?"

मी म्हटलं, तळ्यावरची गोष्ट वेगळी, तिची माझ्या धंद्याशी तुलना करायची नाही. तो बरं म्हणाला आणि गप्प बसला. बरा माणूस आहे, गप्प असतो तेव्हा.

आजचं शूटिंग मात्र फ्रेमसाथीत टाकायचा जीव झाला नाही. कार्डातून तसंच उतरवून ठेवलं, साधं.

२६ मार्च

ज्योतीचे दोन फोन येऊन गेले. "झालं का ताई?" दोन्ही वेळा मी "होतंय" म्हटलं. शेवटी आज परिवाराची चाचणी आवृत्ती उतरवून घेतली. ती काही दिवस फुकट असते. जुना कॉम्प्युटर हत्तीसारखा धापा टाकत होता. दुपारी पेटी उघडली.

सयाजीच्या लग्नावर आडवंतिडवं 'फ्रेमसाथी' लिहिलेलं, नवरीच्या कपाळावरसुद्धा. ते चालेल, मला चित्र नकोच होतं. आहेराच्या जागी आले. भैरूकाका माइक धरून उभे, गुलाबी फेटा, डावा हात कानावर. तोंड उघडलं. मी स्पीकर मोठा केला. मग पूर्ण मोठा केला. मग खाली बारीक अक्षरात दिसलं, "जुन्या पेटीतील ध्वनी या आवृत्तीत उपलब्ध नाही."

काका पुकारतायत, मान वर करून, छाती भरून, गळ्याच्या शिरा दिसतायत, आणि आवाज नाही. आता ते असेच आहेत, ज्योती सांगत होती तसे. मी ते दोनदा बघितलं आणि कॉम्प्युटर बंद केला. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण आधी वाईट वाटलं.

ज्योतीला फोन करून खरं सांगितलं. ती रडली नाही. "बरं ताई, तुमी केलंत एवढं," म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

१ एप्रिल

सयाजीच्या लग्नाला माझ्या जोडीला दुसरा कॅमेरा होता. तो चंदनचा होता. हे मला चार दिवस माहीत होतं आणि चार दिवस मी ते माहीत नसल्यासारखं करत होते. आज पोलादपूरला गेले.

चंदनचं दुकान बसस्टँडजवळ आहे. बाहेर बोर्डावर त्याचा स्वतःचाच फोटो, काळा चष्मा घातलेला. व्हिडिओ भयंकर करतो. दर मिनिटाला गुलाबाच्या पाकळ्या पडतात, सासू-सासऱ्यांच्या अंगावरसुद्धा. पण लोक त्याच्याकडे जातात, आणि गेल्यावर हसत बाहेर पडतात, हे मला कधी समजलेलं नाही.

"या या दीक्षाताई," तो म्हणाला. "आज इकडं कुठं वाट चुकलात?" चहा मागवला. मी सरळ विषयाला हात घातला. 

"ताई, त्या लग्नाचं कार्ड मी तुमाला मांडवातच दिलं. माझ्या लॅपटॉपवर घेतलेलं पण तुमी माझ्यासमोर उभ्या राहून पुसायला लावलंत. आठवतंय का?"

"तो नियम आहे," मी म्हटलं.

"हायच की नियम. म्हणून तर पुसलं."

चहात साखर जास्त होती. मी तो तसाच प्यायले.

निघताना तो म्हणाला, "पण भैरूतात्यांचा आवाजच पायजे ना? मंग सयाजीच्याच लग्नातला कशाला? रखमामावशीच्या दीपेशचं लगीन मी केलं, कुडपणलाच, खालच्या वाडीत. पुकारा त्यांचाच होता. माझ्याकडं आता काय नाय, पण मावशीला सगळं दिलंय मी. कापलेलं, न कापलेलं, सगळं."

"तू असं सगळं का देऊन टाकतोस?" मी विचारलंच.

"एडिटिंगचा कंटाळा हो, ताई," चंदन म्हणाला. "एकदा देऊन टाकलं का डोक्याला ताप नाय. ज्याला जे बघायचं ते त्यानं बघावं."

इतका आळशी माणूस धंद्यात टिकतो कसा, याचा विचार करत महाडपर्यंत आले.

६ एप्रिल, रविवार

कुडपण. ज्योतीला घेऊन गेले. वर पोहोचेपर्यंत मी तिला धरून बसले होते आणि ती मला ओव्या म्हणाव्यात तशी वळणांची नावं सांगत होती.

रखमामावशी अंगणात कुळीथ पाखडत होती. दीपेश आणि सून मुंबईला, घरी ती एकटी. आम्ही विचारलं तर म्हणे, "हाय की पेनड्राय. टीव्हीलाच हाय. मी बघते ना."

काय बघतेस, मावशी?

"लगीन बघते. सगळं बघते. जेवताना लावते, तेवढीच सोबत. त्यो कापलेला हाय ना, त्यात फुलं पडत्यात नुसती, माणसं दिसत नायत. मी दुसरा बघते, लांबडा."

ज्योती माझ्याकडे बघायला लागली. तिला हे कधी ठाऊकच नव्हतं. "आमाला काय म्हायीत, मावशे. सगळ्यांच्या व्हिडिओत आहेरावर गाणंच असतंय."

मावशीने रिमोट घेतला आणि अगदी बरोबर जागी नेलं, तिला सगळं पाठ आहे. आणि त्या छोट्या टीव्हीतून भैरूकाका बोलायला लागले.

"गावदेवीच्या नावानंऽ, बसल्या मंडळींच्या मानानंऽ, वरली वाडी, खालली वाडी, मधल्या वाडीची मानकरी मंडळी, मुंबैकर चाकरमानी, पाव्हणं-सोयरं, पंगतीला बसली ती, वाढायला उभी ती, सगळ्यांनी कान द्या होऽ. आहेराला सुरवात होतेय होऽऽ."

हा आवाज. काय आवाज आहे हा. तो माइकमध्ये बोलतच नव्हता, समोरच्या डोंगरावर कोणी उभा असावा आणि त्याला सांगावं तसा बोलत होता. आणि यावर मी सनई टाकली होती.

ज्योती भिंतीला टेकून खाली बसली. तिने पहिल्यापासून लावायला सांगितलं, परत, परत. पुढे माइक चालूच राहिला होता, भांड्यांचे आवाज, कोणाशी काहीतरी घरगुती बोलणं, पण मावशी एव्हाना चहाबद्दल विचारत होती आणि मी पुढचं नीट ऐकलं नाही. ते कापायचंच आहे.

सगळं माझ्या पेनड्राइव्हवर घेतलं. घ्यायला काही लागलं नाही, कुठली पेटी नाही, परिवार नाही. धरलं आणि आलं. मी मावशीला म्हटलं, हे मी घेतेय, चालेल ना? तिला प्रश्नच कळला नाही. "घे की. ऐकल्यानं आटतंय का ते?"

भैरूकाका खाली शेतावर होते. लांबून त्यांची शिट्टी ऐकू आली, पण ज्योती म्हणाली नको, त्यांना आत्ता काही कळू द्यायचं नाही.

१९ एप्रिल

नव्या पेट्यांतलं जे उघडत होतं ते आधी साध्या व्हिडिओत उतरवून घेतलं आणि फ्रेमसाथी काढून टाकलं. अश्वजितने त्याच्या शाळेतल्या एका सरांकडून दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर आणून दिलं, ते कुठल्याही फाइली खातं. मला ते अजून येत नाही. यात कापायची कात्री नाहीच, ब्लेड आहे, आणि ते मी लावते तिथे कधीच बसत नाही.

फ्रेमसाथीचा मेल आला. "दीक्षा, आम्हाला तुमची आठवण येते." सोबत रडक्या तोंडाचं चित्र. तुमची मला येत नाही, असं उत्तर लिहिलं तर परत आलं, त्या पत्त्यावर उत्तर स्वीकारत नाहीत म्हणे.

ज्योती कामावर जाताना स्टुडिओत डोकावून गेली. सुरुवात ऐकवली. "हो, तेवढंच," म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसत बस पकडायला धावली. तेवढंच कापायचं आहे. शिकते.

३० एप्रिल

शिकले नाही. सलग लग्नं. ब्लेडने एका नवरदेवाचं बाशिंग आणि सासऱ्याचं अर्धं भाषण गेलं. श्रीपतकाकांना मात्र त्यांचं पूर्ण भाषण देऊन टाकलं, सगळं, जांभयांसकट. कापत बसायला वेळ कोणाला आहे? काका इतके खूश झाले की त्यांनी दोन मुलींना फोन लावून दिले आणि दोघींनी मला पावसाळ्यानंतरची कामं सांगितली. योगायोग.

७ मे

ज्योतीच्या कालच्या लग्नाहून आज दुपारी उतरले; शूटिंग सयाजीने मलाच दिलं होतं. कार्ड तिथेच सयाजीच्या हातात ठेवून आले, माझ्यासाठी एक प्रत घेऊन. अश्वजितने विचारलं, मूळ शूटिंग दिलंस? मी म्हटलं, कार्ड तसंही जुनं झालं होतं. तो 'हं' म्हणाला. आज मला त्याचा राग आला नाही.

आता जे झालं ते नीट लिहिते.

लग्न दुपारी लागलं. वारा इतका की मांडवाचं कापड एकसारखं फडफडत होतं. भैरूकाका पांढऱ्या सदऱ्यात, गुलाबी फेट्यात, गळ्याला मफलर, गळ्यात दोरीने अडकवलेली पाटी. सगळ्यांशी हात जोडून, हसून. धोंडूबाई, त्यांची बायको, कोणी काही विचारलं की त्यांच्या वतीने उत्तर देत होत्या आणि मध्येच त्यांची चुकीची उत्तरं काका पाटीवर लिहून दुरुस्त करत होते.

सुरुवातीचा तुकडा काही मला कापता आला नव्हता. म्हणून साउंडवाला अरविंद याला पेनड्राइव्ह देऊन दहादा बजावलं होतं, 'सुरवात होतेय हो' झालं की थांबव, पुढचं नको. "काळजीच नको, मॅडम," तो म्हणाला होता.

मंगलाष्टकं झाली, हार झाले, पंगत बसली. आहेराची वेळ आली. काकांनी पाटी सरळ केली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि खरोखरच मांडवाच्या मागच्या बाजूने गोठ्याकडे निघाले. कोणी अडवलं नाही. धोंडूबाईंनी पदर तोंडाला लावला. ज्योती मुंडावळ्यांतून नुसती त्यांच्या पाठीकडे बघत होती. सयाजीने अरविंदला खूण केली.

"गावदेवीच्या नावानंऽ..."

काका शेवटच्या खांबापाशी थांबले. त्यांनी खांब धरला.

मी इतकी लग्नं शूट केली, पंगत गप्प झालेली कधी बघितली नव्हती. वाढणारे बादल्या घेऊन उभे राहिले. भाताकडे गेलेले हात तिथेच थांबले. आवाज मांडवाबाहेर गेला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. वरली वाडी, खालली वाडी. खालच्या वाडीच्या नावाला रखमामावशी मोठ्याने "हो" म्हणाली, पूर्वी म्हणत असत तसं. मग मधल्या वाडीवाल्यांनी म्हटलं. मुंबईकरांनीही.

काका परत आले. सावकाश, एकेक माणूस ओलांडत. माइकच्या शेजारी त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी डावा हात कानावर ठेवला. "आहेराला सुरवात होतेय होऽऽ."

सयाजीने पहिला आहेर वाचायला कागद उघडला. पण स्पीकर थांबला नाही. मी अरविंदकडे बघितलं तर खुर्ची रिकामी. तो पंगतीला बसला होता, जिलबी घेत. मी कॅमेरा सोडून पळणार कशी? स्पीकरमधून भांड्यांचे आवाज आले, कोणीतरी खोकलं, माइकवर टकटक झाली. मग काकांचाच आवाज, पण पुकाऱ्याचा नाही, घरातला, हळू.

"ज्योते, जेवलीस का गो? सकाळधरनं नुसती पळतेस दुसऱ्याच्या लग्नात. आधी दोन घास खा, जा."

सगळा मांडव ऐकत होता. हेच मी कापणार होते. नशीब माझं की मला ते ब्लेड धरता येत नाही.

ज्योती सकाळपासून उपाशी होती, नवरी असतेच. ती काकांकडे वळली. स्पीकरकडे नाही, काकांकडे.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "अजून नाय जेवले."

काका पंगतीत गेले, एका वाढप्याच्या हातातलं ताट त्यांनी काढून घेतलं, जिलबीचा एक तुकडा मोडला आणि सगळ्या गावासमोर तिला भरवला. सयाजी कागद धरून थांबून राहिला. धोंडूबाई रडत होत्या, मीही रडत होते आणि कॅमेरा तसाच धरून ठेवला होता. तिच्या तोंडात घास होता म्हणून तिला बोलता येईना, आणि त्यांना तर येतच नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत तसेच उभे राहिले, आणि आहेर सुरू करायची कोणाला घाई नव्हती.